मूल सारखे ज्यूस मागते, सारखी तहान लागते : सवय कोणती आणि आजार कोणता?

"डॉक्टर, हा पाणी तोंडाला लावत नाही, पण दिवसभर ज्यूस मागतो. एवढी तहान कशी लागते? शुगर तर नसेल ना?" दीड ते चार वर्षांच्या मुलांचे आईवडील, आणि त्याहून जास्त वेळा आजी, हा प्रश्न घेऊन येतात. मार्च ते मे मध्ये तर आठवड्यातून दोन-तीनदा. यातल्या बहुतेक मुलांना कोणताही आजार नसतो. त्यांना गोड पेयाची सवय लागलेली असते आणि ती दोन-तीन आठवड्यांत सुटते. पण क्वचित एखाद्या मुलाची तहान खरोखर टाईप-१ मधुमेहाची असते. तिथे आठवडाभर "बघू, उन्हाळा आहे" म्हणत थांबणे मुलाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून या लेखात आधी दोन्हीतला फरक सांगतो आणि मग ज्यूस कमी कसा करायचा ते.

आधी हे तपासा

खाली दिलेल्यांपैकी काहीही दिसत असेल तर लेख पुढे वाचण्यापूर्वी, आजच, मुलाची रक्तातील साखर तपासून घ्या.

मूल रात्री झोपेतून उठून पाणी मागते आणि हे गेल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत सुरू झाले आहे. शू सांगायला शिकलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले आहे. डायपर नेहमीपेक्षा जड होतो, रात्रीतून दोनदा बदलावा लागतो. खाणे नीट असूनही कपडे सैल झाले आहेत, वजन घटले आहे. जांघेत बुरशीचा लालसर चट्टा येतो आणि मलम लावूनही पुन्हा उमटतो. मूल चिडचिडे झाले आहे, खेळत नाही, मलूल पडून राहते. आणि आपल्याकडच्या आज्यांना माहीत असलेली जुनी खूण : शू केलेल्या जागी मुंग्या लागतात. ही खूण दिसली नाही म्हणून मधुमेह नाही असे ठरत नाही, पण दिसली तर हसून सोडून देऊ नका.

उलट्या, पोटात दुखणे, जोरजोरात खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी यांपैकी काही त्याच्या जोडीला असेल तर दवाखान्याच्या रांगेत बसू नका. थेट मुलांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जा. कासारवाडी-पिंपरीकरांसाठी संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे आपले वायसीएम, हे महापालिकेचे मोठे रुग्णालय जवळ आहे.

साखरेची तपासणी : उपाशीपोटी थांबायची गरज नाही

लक्षणे असलेल्या मुलाची साखर कधीही तपासता येते. "उद्या सकाळी उपाशीपोटी करू" असे म्हणून रात्र घालवू नका. बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर एका मिनिटात आकडा कळतो, आणि हे यंत्र आता बहुतेक छोट्या दवाखान्यांत असते. निरोगी मुलाची साखर कोणत्याही वेळी साधारण ७० ते १४० मिलिग्रॅमच्या आसपास असते. लक्षणे आहेत आणि आकडा २०० किंवा त्याहून जास्त आहे, तर तो मधुमेह धरूनच त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचे. मधला आकडा आला तर पुन्हा तपासायचे आणि प्रयोगशाळेत शिरेतून रक्त द्यायचे. तापात किंवा मोठ्या आजारपणात साखर थोडा वेळ वाढू शकते, म्हणून मधल्या आकड्यावरून घाबरून जाऊ नये. पण तो विसरूनही जाऊ नये.

एक गंमत, जी अजिबात गंमत नाही. ज्यूस पिणाऱ्या मुलाचे बोट चिकट असते. त्याच बोटातून रक्त घेतले की बोटावरची साखर रक्तात मिसळते आणि यंत्र भलताच मोठा आकडा दाखवते. मोसंबी सोललेल्या हातानेही असे होते. स्पिरिटचा बोळा फिरवून ही साखर पूर्ण जात नाही. मुलाचा हात वाहत्या पाण्याखाली धुऊन, कोरडा करून मगच टोचायला सांगा. एवढ्या एका चुकीने एखाद्या घराची रात्र रडण्यात जाऊ शकते.

लघवीची पट्टीतपासणीही उपयोगी आहे. तिच्यात साखर आणि कीटोन दोन्ही दिसतात. मूल सुईला फार घाबरत असेल तर निदान एवढी तरी त्याच दिवशी करा.

चुकतात कुठे?

टाईप-१ मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराचीच प्रतिकारयंत्रणा नष्ट करते. इन्सुलिन नसले की साखर पेशींत शिरत नाही. ती रक्तात साठते, लघवीवाटे बाहेर पडते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान. क्रम असा आहे. मूल जास्त पिते म्हणून जास्त शू करते असे नव्हे, जास्त शू होते म्हणून ते पिते.

आता घरात काय होते पाहा. मूल तहानलेले आहे, सुकलेले दिसते, म्हणून प्रेमाने ज्यूस दिला जातो, ग्लुकोज पावडर दिली जाते. साखर आणखी चढते, लघवी आणखी वाढते, तहान आणखी वाढते. मग उलट्या सुरू होतात. त्यावर "पोट बिघडलंय" किंवा "ऊन लागलंय" असे निदान होते. श्वास जोरात चालू असेल तर कफ म्हणून वाफ दिली जाते. लहान वयात हा प्रवास फार झपाट्याने होतो, कधी काही दिवसांतच.

इथे एक साधी खूण पालकांच्या हातात आहे. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या मुलाची लघवी कमी होते, डायपर तासन्‌तास कोरडा राहतो. मूल सुकलेले दिसते आहे, ओठ कोरडे आहेत, डोळे खोल गेले आहेत आणि तरीही डायपर भरतो आहे, तर हे गणित जुळत नाही. डॉक्टरांना हे वाक्य आवर्जून सांगा : "उलट्या होतायत, पण शू भरपूर होतेय." रात्री दहाला, पन्नासावा पेशंट तपासत असलेला डॉक्टरही हे ऐकून ग्लुकोमीटर हातात घेईल. आम्हा डॉक्टरांकडूनही हे निदान सुटते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. गर्दीच्या ओपीडीत जुलाब-उलट्यांची दहा मुले असतात आणि अकरावे त्यांच्यासारखेच दिसते.

इटलीतल्या पार्मा प्रांतात यावर एक साधा उपाय झाला. १९९१ पासून तिथल्या शाळांत आणि बालरोगतज्ज्ञांकडे भित्तिपत्रके लावली गेली : मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले आहे का, जास्त पाणी पिते आहे का? त्याआधीच्या वर्षांत मधुमेहाचे निदान होतानाच रक्तात आम्ल साठून गंभीर अवस्थेत पोचलेली मुले ७८ टक्के होती. १९९७ पर्यंतच्या वर्षांत हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, फक्त पालकांना आणि शिक्षकांना खूण कळली होती.

निदान झाले तर दोन गोष्टी ऐकून ठेवा. ज्यूस, चॉकलेट किंवा लाड यांमुळे टाईप-१ मधुमेह होत नाही, त्यामुळे आईला, सुनेला, सांभाळणाऱ्या बाईला दोष देऊ नका. आणि याला इन्सुलिनशिवाय उपचार नाही. गोळी नाही, काढा नाही, चूर्ण नाही. इन्सुलिन बंद करून "दुसरे काही करून पाहू" म्हटले की मूल पुन्हा अतिदक्षता विभागात पोचते. नियमित इन्सुलिन घेणारी मुले शाळेत जातात, खेळतात, मोठी होऊन नोकरी करतात. पुढची देखभाल लहान मुलांच्या मधुमेहाचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे ठेवा. पुण्यात अशी सोय आहे. मराठवाड्यातल्या नातेवाइकांना छत्रपती संभाजीनगरच्या 'उडान' या संस्थेचे नाव सांगा. ती खास अशाच मुलांसाठी काम करते.

साखर बरोबर आहे, तरी तहान जात नाही

मग घरच्या घरी दोन दिवसांचा हिशेब ठेवा. एक स्टीलचा पेला मोजून घ्या आणि पाणी, दूध, ज्यूस, ताक सगळे त्यानेच द्या व लिहून ठेवा. डायपर वापरत असाल तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ओला डायपर तोला, कोऱ्या डायपरचे वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली लघवी. शी झालेला डायपर धरू नका.

दहा-बारा किलोच्या मुलाला दिवसाला सगळे मिळून, म्हणजे दूध, वरण, फळातले पाणीसुद्धा धरून, साधारण एक ते सव्वा लिटर द्रव लागतो. कडक उन्हाळ्यात किंवा तापात थोडा जास्त. बारा किलोचे मूल रोज दोन लिटरच्या वर पिते आहे, किंवा दिवसाची लघवी १२०० मिलीच्या वर जाते आहे, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवे.

यात एक दुर्मीळ आजार असतो, डायबेटिस इन्सिपिडस. नावात डायबेटिस असले तरी याचा साखरेशी संबंध नाही. मेंदूतून येणारे, लघवी घट्ट करायला सांगणारे संप्रेरक कमी पडते किंवा मूत्रपिंड ते ऐकत नाही. लघवी पाण्यासारखी पांढरी, अखंड होत राहते. अशी मुले ज्यूसच हवा म्हणून हटून बसत नाहीत. त्यांना पाणी हवे असते, तेही बहुधा गार, आणि रात्रीही. बादलीतले, कूलरमधले पाणीसुद्धा पितात. वजन-उंची नीट वाढत नाही. साधी पहिली तपासणी म्हणजे सकाळच्या पहिल्या लघवीचे विशिष्ट गुरुत्व. ते १.०२० किंवा वर आले तर मूत्रपिंड लघवी व्यवस्थित घट्ट करते आहे आणि हा आजार असण्याची शक्यता फारच कमी.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका : "बघू या किती वेळ राहतो" म्हणून घरी पाणी तोडणे. खरा आजार असेल तर काही तासांत मूल धोक्यात येते. ती परीक्षा रुग्णालयात, वजन आणि रक्त तपासत करायची असते.

आणखी एक कारण अलीकडे विचारावेच लागते. ड जीवनसत्त्वाची पावडर किंवा छोटी बाटली ६०,००० युनिटची येते, आणि लहान मुलाची रोजची गरज ४०० ते ६०० युनिट. मोठ्यांची आठवड्याची मात्रा चुकून मुलाला रोज दिली गेली की रक्तात कॅल्शियम वाढते. त्याने तहान, खूप लघवी, बद्धकोष्ठ, उलट्या होतात. घरातली सगळी औषधे पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. नाव आठवण्यापेक्षा ते सोपे. बाकी किरकोळ कारणे तुम्हीच ओळखाल : खारे पाकीटबंद कुरकुरीत पदार्थ, बंद नाकामुळे तोंडाने श्वास, सर्दीच्या औषधाने पडणारी कोरड.

आता ज्यूसची सवय

ज्याला आजार नाही अशा मुलाची ओळख साधी आहे. ते वाढते आहे, खेळते आहे, रात्री झोपते. पाणी पुढे केले की मान फिरवते, रंगीत डबी दिसली की तहान लागते. खरी तहान लागलेला जीव पाण्याला नाही म्हणत नाही. (हा नियम पक्का मानू नका. मधुमेहाचे मूलही गोडाला चटावलेले असू शकते. वरची लक्षणे असतील तर "पाणी नको म्हणतो, म्हणजे सवयच" असे ठरवून मोकळे होऊ नका.)

इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये अशा मुलांवर लिहिताना त्याला 'स्क्वॉश पिण्याचा विकार' असे नावच दिले होते. सरबते पिऊन पोट भरलेली ही मुले जेवत नव्हती, वजन वाढत नव्हते, पातळ शी होत होती, जेवणाच्या वेळी आकांत करत होती. पेय कमी केल्यावर ती सुधारली. तीस वर्षांनी आमच्या भागात हेच चित्र दिसते. आईवडील दोघेही कामाला, वडिलांची भोसरी किंवा चाकणला शिफ्ट, मूल आजीकडे किंवा पाळणाघरात. रडले की कोपऱ्यावरच्या दुकानातून डबी आणणे हा सगळ्यात स्वस्त आणि झटपट उपाय. त्यात कुणाची चूक काढण्यासारखे नाही, पण हिशेब पाहा. अशा पेयात १०० मिलीला साधारण १२ ते १४ ग्रॅम साखर असते. दोनशे मिली म्हणजे सहा-सात चमचे. दिवसात तीन डब्या गेल्या तर पोळी-भाजीला जागा कुठून राहणार? अशा मुलाचे हिमोग्लोबिन तपासले तर बऱ्याचदा कमी निघते, आणि वरचे पुढचे दात काळे पडू लागलेले दिसतात. रात्री बाटलीतून ज्यूस पीत झोपणाऱ्या मुलाचे दात सगळ्यात लवकर जातात.

डबीवरच्या फळाच्या चित्रावर जाऊ नका. 'फ्रूट ड्रिंक' म्हणून विकायला फळाचा रस दहा टक्के असला तरी नियमात बसतो. उरलेले पाणी, साखर आणि वास. '१०० टक्के फळांचा रस' हा दावा पाकिटांवरून काढायला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये सांगितले. घरी काढलेला ताजा रस बरा, पण तोही चोथा काढलेली साखरच. एका पेल्याला तीन-चार मोसंबी लागतात. मुलाला सोलून दिली तर ते एक खाईल आणि पोट भरेल. रसवंती किंवा ज्यूस सेंटरचा रस लहान मुलाला नकोच. बर्फ कुठल्या पाण्याचा हे आपल्याला कळत नाही.

किती चालेल? इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१९ मध्ये दिलेला सल्ला असा : दोन वर्षांपर्यंत अजिबात नाही. दोन ते पाच वर्षे, द्यायचाच झाला तर दिवसाला १२५ मिलीपर्यंत, तोही ताजा. म्हणजे चहाचा एक कप. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ एक वर्षानंतर १२० मिलीपर्यंत चालवून घेतात. माझे मत आपल्याकडच्या सल्ल्याच्या बाजूने आहे. दीड वर्षाच्या मुलाला चव लावली की "फक्त एक कप" कोणत्याही घरात टिकत नाही.

जुलाबात तर ज्यूस औषध म्हणून देऊच नका. एक लिटर ओआरएसमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते, आणि एक लिटर ज्यूसमध्ये १०० ग्रॅमच्या वर साखर. एवढी साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. मेडिकलमध्ये मिळणारी, नावात 'ओआरएस' असलेली गोड पेये बरेच पालक खरे ओआरएस समजून देत असत. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. दुकानात "डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याची पावडर" असे मागा आणि पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात संपूर्ण पाकीट घाला.

सोडवायचे कसे

घरातल्या सगळ्यांनी आधी एक ठरवावे. आई नाही म्हणते आणि आजोबा खिशातून डबी काढतात, असे चालले तर काहीच जमणार नाही. आजी-आजोबांना मी सांगतो, तुम्हीच याला पाणी शिकवायचे, तुमचे तो ऐकतो. फटकारण्यापेक्षा हे जास्त लागू पडते.

पहिल्या दिवशी बाटली आणि नळीचा पेला बंद, ज्यूस मिळेल तर उघड्या पेल्यात आणि जेवणासोबत बसूनच. नुसत्या या बदलाने निम्मा कमी होतो, कारण हातात बाटली घेऊन हिंडणे संपते. मग दर दोन-तीन दिवसांनी त्यात पाण्याचे प्रमाण वाढवत न्या : पाव पाणी, निम्मे, पाऊण. दहा-बारा दिवसांत रंगीत पाणी उरते आणि मूल स्वतःच ते सोडते. काही आयांना एकदम बंद करणे सोपे वाटते. तेही चालते. तीन-चार दिवस मोठा दंगा होईल, त्यासाठी सुट्टीचे दिवस निवडा. घरात डबी नसेल तर दंगा लवकर संपतो. फ्रीजमध्ये ठेवून "नाही" म्हणणे मुलावर अन्याय आहे.

पाणी त्याच्या उंचीवर ठेवा. छोटे फुलपात्र, छोटा तांब्या, स्वतः ओतून घ्यायला परवानगी. फरशी ओली होईल, होऊ द्या. माठातले पाणी लहान मुलांना आवडते. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड सुरू झाले आणि घरोघरी साठवण वाढली. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसची साथ आल्यावर पाण्याची भीतीही बसली, आणि "पाण्यापेक्षा पॅकबंद ज्यूस बरा" असे सांगणारे पालक मी ऐकले. पाणी खळखळ उकळून, झाकून गार करून, ओगराळ्याने काढून द्या. भीतीवर उपाय एवढाच, डबी नव्हे.

चव हवीच असेल तर पातळ ताक, कधी शहाळ्याचे पाणी, अगदी थोड्या साखरेचे लिंबूपाणी. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, नाहीतर ज्यूसची जागा दूध घेईल आणि जेवण मागेच राहील. फळ फोडी करून द्या : मोसंबी बिया काढून, द्राक्षे उभी चिरून, कारण अख्खे द्राक्ष या वयात घशात अडकते. रात्री दात घासल्यावर फक्त पाणी.

पहिले काही दिवस मूल एकूण कमी पिईल आणि तुमचा जीव कासावीस होईल. डायपर किंवा शू पाहा. दिवसात पाच-सहा वेळा फिकट पिवळी शू होत असेल तर पाणी पुरते आहे. आठ तास शू झाली नाही, तोंड कोरडे पडले, मूल मलूल झाले तर दाखवा. पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर वजन करा आणि माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदवा. ज्यूस सुटला, तरी तहान तशीच आहे आणि वजन खाली आले आहे, तर पूर्वी एकदा साखर ठीक आली होती यावर विसंबू नका. पुन्हा तपासा, त्याच दिवशी.